लस दिली म्हणून विषाणू बदलतो का? पारोळ्याच्या गोठ्यांवरून पडलेला प्रश्न

बोरीकाठ | सोमवार, रात्री ९.१०

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात दूध सोसायटीचा सचिव आहे. पुढच्या गुरुवारी गावात लम्पीच्या (गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाच्या) लसीकरणाचे पथक येणार आहे, म्हणून काल सभासदांची बैठक घेतली. २०२२ ची साथ सर्वांनी पाहिलेली असल्याने फारसा विरोध होणार नाही, अशी माझी समजूत होती. पण पाच जणांनी जनावरे टोचून घ्यायला स्पष्ट नकार दिला. त्यातले दोघे गावातले जाणते पशुपालक आहेत. गावातली निम्मी माणसे गाय पारखायची झाली की त्यांनाच सोबत नेतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे उडवून लावणे मला योग्य वाटत नाही.

त्यांचे दोन मुद्दे आहेत. पहिला, त्या दोघांपैकी तात्यांच्या शब्दांत, असा : ‘लस दिधी तरी मन्ही गाय पडनीच ना?’ (लस दिली तरी माझी गाय आजारी पडलीच ना?) दुसरा जास्त अवघड आहे. करोनात जसजसे लसीकरण वाढत गेले तसतसे नवे व्हेरियंट येत गेले. म्हणजे लसच विषाणूला बदलायला भाग पाडते, आणि उद्या गुरांमध्येही तेच होईल, असे ते म्हणतात. पहिल्या मुद्द्यावर मी काहीबाही उत्तर दिले, दुसऱ्यावर मात्र मला गप्प बसावे लागले. लसीमुळे विषाणूचा फैलाव खरोखर कमी होतो का, होत असेल तर कसा, आणि विषाणूचे नवे प्रकार निर्माण होण्याशी लसीचा संबंध असतो का? बैठकीत वाचून दाखवता येईल असे, खरे तेवढेच सांगावे ही विनंती.

केळीबाग | सोमवार, रात्री ९.४५

शास्त्र मी सांगू शकत नाही, जे पाहिले ते सांगतो. २०२२ च्या साथीत राज्यातली पहिली नोंद आमच्या रावेर तालुक्यात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाली. माझ्याकडे निमाडी बैलांची जोडी होती. एका सकाळी डाव्या बैलाने वैरणीला तोंड लावले नाही. अंगावरून हात फिरवला तर मानेपाशी आणि पुठ्ठ्यावर सुपारीएवढ्या गाठी लागल्या. चार दिवसांत त्या फुटल्या आणि त्यांवर माश्या घोंगावू लागल्या. लिंबाचा पाला जाळून धूर केला, जखमा धुतल्या, डॉक्टर दोन वेळा येऊन गेले. बैल पोळ्याच्या आठ दिवस आधी गेला. आमच्या गावात लस त्यानंतर आली. उजवा बैल लस घेऊन आजही औताला आहे. ज्यांच्या दारात लस साथीच्या आधी येत आहे, त्यांनी ती नाकारली हे वाचून जीव कळवळतो.

पांझरा | सोमवार, रात्री ११.०५

मी पशुसंवर्धन खात्यात धुळे जिल्ह्यात नोकरी करून निवृत्त झालो. बोरीकाठ, तुमच्या तात्यांना एक गोष्ट विचारून ठेवा : लस टोचल्यानंतर गाय कितव्या दिवशी आजारी पडली? उत्तर आले की त्यावर बोलू.

आता मूळ प्रश्न. लसीकडून आपण दोन वेगवेगळ्या कामांची अपेक्षा करतो आणि त्यांना एकच नाव देतो, तिथून बराचसा गोंधळ सुरू होतो. ज्याला टोचले त्याचा आजार टाळणे किंवा सौम्य करणे हे पहिले काम, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होऊ न देणे हे दुसरे. काही लसी दोन्ही कामे उत्तम करतात, काही पहिले उत्तम आणि दुसरे अर्धवट करतात. हा फरक का पडतो हे समजण्यासाठी मी शेतकऱ्यांना नेहमी एकच प्रश्न करायला सांगत असे : हा विषाणू शरीरातून कोणत्या दाराने बाहेर पडतो, आणि लसीने उभा केलेला पहारा त्या दारावर आहे का?

बुळकांडी हा गुरांचा रोग जुन्या लोकांना आठवत असेल. तो विषाणू रक्तातून सगळ्या शरीरात पसरल्यावरच शेण, लाळ आणि नाकातल्या स्रावातून बाहेर पडत असे. लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) त्याला रक्तातच गाठत, त्यामुळे टोचलेले जनावर आजारीही पडत नसे आणि रोग पसरवतही नसे. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचे जाहीर झाले. माणसांतल्या देवीनंतर लसीकरणाच्या बळावर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग आहे.

लम्पीचे दार म्हणजे कातडीवरच्या गाठी. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड गाठींवर बसतात, तोंडाला विषाणू घेतात आणि शेजारच्या गोठ्यात नेतात. ज्या जनावराला संसर्ग झाला पण गाठी आल्या नाहीत, त्याच्यापासून माशीला विषाणू मिळण्याची शक्यता फार कमी असते. म्हणजे लसीने गाठी येऊ दिल्या नाहीत, किंवा चारच येऊ दिल्या, तरी प्रसाराचे दार बऱ्याच अंशी लागले.

याचा पडताळाही झालेला आहे. युरोपात बाल्कन देशांमध्ये लम्पी शिरला तेव्हा २०१६ मध्ये ७,४८३ उद्रेक नोंदले गेले. सगळ्या भागात सरसकट लसीकरण केल्यावर २०१७ मध्ये ते ३८५ वर आले. तिथली लस लम्पीच्याच विषाणूपासून केलेली होती. आपल्याकडे २०२२ मध्ये शेळ्यांच्या देवीची लस वापरली, ती त्याच कुळातल्या विषाणूची असल्याने उपयोगी पडते, पण आपल्या लसीचा गुण नेमका तेवढाच येईल असे मी म्हणणार नाही.

अंजनी | मंगळवार, सकाळी ७.३०

दाराची कल्पना फार चटकन समजली. मग करोनाचे दार नाक आणि घसा, आणि सुई मात्र दंडाला. पहारा दारावर नव्हताच, असे म्हणायचे का?

पांझरा | मंगळवार, सकाळी ७.५०

बऱ्याच अंशी तसेच. दंडाला टोचलेल्या लसीची प्रतिपिंडे रक्तात भरपूर असतात, त्यामुळे ती फुप्फुसे सांभाळतात. नाकाच्या ओल्या अस्तरावर ती थोडीच पोहोचतात आणि काही महिन्यांत आणखी कमी होतात. म्हणून माणूस वाचतो, पण सर्दीसारखा संसर्ग होऊ शकतो आणि तो दुसऱ्याला लागूही शकतो.

नवापूरकर | मंगळवार, दुपारी १.१५

आमचा अंड्यांच्या कोंबड्यांचा व्यवसाय आहे. पांझरा काकांनी बुळकांडीचे उजळ उदाहरण दिले. मला वाटते की दुसऱ्या टोकाचेही उदाहरण इथे यायला हवे, कारण तुमच्या बैठकीत ते कोणी मोबाईलवर वाचून आणले तर तुमची अडचण होईल.

कोंबड्यांत मरेक्स नावाचा रोग असतो. पाय लुळे पडतात, पोटात गाठी होतात, पक्षी मरतात. याची लस १९७० च्या सुमारास आली आणि आज आमच्याकडे येणारे प्रत्येक पिल्लू हॅचरीतच, पहिल्या दिवशी, मानेच्या कातडीखाली टोचून येते. या लसीने पक्षी मरत नाही, पण विषाणू त्याच्या पिसांच्या मुळाशी वाढत राहतो आणि पिसांच्या धुळीतून शेडभर पसरतो. पहारा आत, दार सताड उघडे. गेल्या ५० वर्षांत हा विषाणू अधिकाधिक जहाल होत गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले की, सर्वांत जहाल प्रकार लस नसलेल्या पक्ष्यांना १० दिवसांच्या आत मारून टाकतो, म्हणजे तो पसरण्याआधीच पक्ष्याबरोबर संपतो. पण लस दिलेले पक्षी जगतात आणि कित्येक आठवडे तोच जहाल विषाणू बाहेर सोडत राहतात. लस नसती तर जो प्रकार टिकलाच नसता, तो लसीमुळे टिकला, हे मान्यच करावे लागते.

तरीही मी लसीशिवाय एक पिल्लू शेडमध्ये घेत नाही, कारण बाहेर जहाल विषाणू फिरत असताना लस न दिलेल्या पक्ष्याचे मरण ठरलेले आहे. आम्ही पिल्ले मोठ्या पक्ष्यांपासून दूर ठेवतो, दोन बॅचच्या मध्ये शेड रिकामे करून जुनी पिसे, धूळ पार काढून टाकतो. लस पहिले काम करते. दुसरे काम झाडूने आणि अंतराने करावे लागते.

गिरणाकाठ | मंगळवार, दुपारी ३.४०

नवापूरकरांनी प्रामाणिकपणे लिहिले याबद्दल त्यांचे आभार, कारण माझा आक्षेप त्याच जागी आहे. आपण सगळे कपाशीच्या मुलखातले. बीटी कपाशीला (तिच्यात अळीला मारणारे प्रथिन असते) २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची बीजी-दोन आली, सुरुवातीची वर्षे बोंडे स्वच्छ फुटली. पुढे काय झाले? २०१७ मध्ये महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, आणि ती बीटीलाच दाद देत नव्हती. जे मरायचे ते मेले, जे सहन करू शकत होते ते उरले आणि त्यांचीच प्रजा वाढली. विषाणू तर अळीपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने पिढ्या बदलतो. मग लस टोचत राहिलो तर लसीला न जुमानणारा विषाणू उरणार, हे तात्यांचे म्हणणे चुकीचे कसे? वडिलांनी आणि मी दोन्ही डोस घेतले होते, तरी जानेवारी २०२२ मध्ये घरातले पाचही जण आठवडाभर अंथरुणाला खिळलो. मी लसविरोधी नाही. पण ‘लस घ्या, साखळी तोडा’ असे जे सांगितले गेले, त्यात साखळी तुटली नाही एवढे तरी मान्य करा.

मेहरूण | मंगळवार, दुपारी ४.०५

गिरणाकाठ भाऊंच्या युक्तिवादावरून एक खरीखुरी शंका. बीटीच्या पाकिटाबरोबर रेफ्युजीचे बियाणे यायचे, बांधाच्या कडेने बिगर-बीटी लावायचे म्हणजे अळीत प्रतिकार लवकर वाढत नाही, असे कृषी सहायक सांगत. त्याच न्यायाने गावातली काही जनावरे बिनलसीची ठेवणे चांगले, असे तात्या म्हणाले तर काय सांगायचे?

तापीतीर | मंगळवार, रात्री १०.२०

जळगावात महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. या दोन प्रश्नांमुळे आज वर्गात शिकवताना मीच नव्याने विचार केला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी काळाचा हिशोब, कारण तो पडताळता येतो. अल्फा प्रकार इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० च्या नमुन्यांत सापडला. डेल्टा ज्या नमुन्यांत प्रथम आढळला ते भारतातले, ऑक्टोबर २०२० चे. बीटा दक्षिण आफ्रिकेत आणि गॅमा ब्राझीलमध्ये २०२० मध्येच वाढले होते. प्रत्यक्ष लसीकरण ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२० मध्ये आणि भारतात १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. आपल्या दुसऱ्या लाटेत ज्याने घरेच्या घरे रिकामी केली तो डेल्टा लसीआधीचा आहे. ओमिक्रॉन नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवानातून कळला. तेव्हा दक्षिण आफ्रिकेत सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्येचेच लसीकरण पूर्ण झाले होते. त्याच्या पृष्ठभागावरच्या काटेरी प्रथिनात ३० हून अधिक बदल एकदम दिसले, आणि ते कुठे साठले याविषयीचा एक प्रबळ अंदाज असा की, प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या एखाद्या रुग्णाच्या शरीरात विषाणू कित्येक महिने मुक्काम ठोकून बदलत राहिला असावा.

बदल मुळात घडतो तो विषाणू स्वतःच्या नकला काढत असताना. नक्कल करताना चुका होतात, बहुतेक निरुपयोगी असतात, एखादी विषाणूला फायद्याची ठरते. जितके जास्त संसर्ग तितक्या जास्त नकला, तितक्या जास्त चुका. लस चूक घडवत नाही. ती सुपासारखी आहे. सूप दाणे तयार करत नाही, फक्त पाखडल्यावर कोणते खाली पडतील आणि कोणते राहतील ते ठरवते. गिरणाकाठ, निवडीचा हा भाग तुम्ही बरोबर मांडलात आणि मी तो नाकारत नाही. ओमिक्रॉननंतर जे उपप्रकार एकामागून एक आले, त्यांच्यात आपल्या प्रतिकारशक्तीला चुकवणारे बदल वरचढ ठरत गेले. फक्त ही प्रतिकारशक्ती लसीची होती तशीच आधीच्या संसर्गाचीही होती. लस दिली नसती तर हेच पाखडणे आजारातून आलेल्या प्रतिकारशक्तीने केले असते, आणि तिची किंमत आपण मे २०२१ मध्ये स्मशानांबाहेरच्या रांगांत मोजलेली आहे.

आता बीटी. अळी शेतात लाखोंनी असते आणि तिच्यापुढे एक-दोन विषारी प्रथिने असतात. तेवढे चुकवले की तिचे काम झाले. चांगली लस मात्र विषाणू शरीरात मूठभर असतानाच त्याला गाठते, आणि त्याच्या अंगावरच्या अनेक जागा एकाच वेळी ओळखते. सगळ्या जागा एकदम बदलणे विषाणूला जमत नाही. गोवराचे उदाहरण पाहा. आजची लस ज्या विषाणूपासून आली तो १९५४ मध्ये वेगळा केलेला आहे. गोवराचा विषाणूही चुका करतो, पण त्याच्या पृष्ठभागावरचे महत्त्वाचे भाग बदलले तर त्याला पेशीत शिरताच येत नाही, त्यामुळे ती जुनी लस आजही चालते. करोनाच्या बऱ्याच लसी एकाच काटेरी प्रथिनावर बेतलेल्या आणि ते प्रथिन बदल पचवणारे, म्हणून तिथे बीटीची तुलना थोडी जवळ जाते. फ्लूचेही तसेच, त्याची लस दरवर्षी तपासून बदलावी लागते.

लम्पी यात कुठे बसतो? तो डीएनए विषाणू आहे. नक्कल करताना झालेल्या चुका तो बऱ्याच अंशी दुरुस्त करतो, म्हणून करोना किंवा फ्लूच्या मानाने फार सावकाश बदलतो.

मेहरूण, तुमच्या शंकेचे उत्तर स्पष्ट आहे. रेफ्युजीचा उपयोग होतो कारण तिथले बिनप्रतिकाराचे पतंग प्रतिकार असलेल्या पतंगांशी जुगतात आणि पुढच्या पिढीत प्रतिकार पातळ होतो. विषाणू असे जुगत नाहीत. बिनलसीची जनावरे म्हणजे विषाणूला नकला काढायला मोकळे रान. विषाणू बदलण्याच्या दृष्टीने गावातली वाईट स्थिती म्हणजे अर्धी जनावरे टोचलेली, अर्धी तशीच : एका अर्ध्यात विषाणू वाढतो आणि दुसऱ्या अर्ध्यावर स्वतःला आजमावतो.

अंजनी | मंगळवार, रात्री १०.४०

सुपाचे उदाहरण उद्या सासूबाईंना सांगणार आहे.

सातपुडा_पायथा | बुधवार, सकाळी ६.४५

मी धडगाव भागात आरोग्य सेविका आहे. तापीतीर ताईंनी गोवराचा उल्लेख केला म्हणून लिहिते. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण करतो. म्हणून १०० पैकी किमान ९५ मुले सुरक्षित असावी लागतात, आणि दोन डोसचा आग्रह त्यासाठीच असतो. ८० मुलांना दिले तर ८० टक्के फायदा झाला असे होत नाही. उरलेली २० एकाच पाड्यावर असतील तर तिथे गोवर येतोच. २०२२ च्या अखेरीस मालेगाव, भिवंडी आणि मुंबईत जी साथ आली, ती मुख्यतः लस हुकलेल्या मुलांमध्ये पसरली.

आमच्याकडची मुले का हुकतात, तेही सांगते. ऊसतोडीला कुटुंबे गुजरातमध्ये जातात. बाळाला ९ महिने पूर्ण होतात ते तिकडच्या फडात. ती माणसे होळीला घरी येतात, म्हणून आम्ही होळीच्या आठवड्यात लसीचा डबा खांद्याला लावून पाड्यांवर चढतो. मागच्या होळीला एका आईने ओढणीच्या गाठीतून कार्ड काढून दिले. घामाने शाई पसरली होती, पण पहिल्या डोसची तारीख तिने तोंडपाठ ठेवली होती.

पोलिओतही दाराचीच गोष्ट आहे. त्याचा विषाणू आतड्यात वाढतो आणि शौचावाटे पसरतो. तोंडावाटे दिलेले थेंब आतड्यात पहारा बसवतात. टोचायची लस लकव्यापासून वाचवते, पण आतड्यातला पहारा तितका कडक नसतो. इस्राएलमध्ये २०१३ मध्ये फक्त टोचायची लस घेतलेल्या मुलांत एकालाही लकवा झाला नाही, तरी सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडत राहिला. मग त्यांनी मुलांना पुन्हा थेंब पाजले.

गिरणाकाठ | बुधवार, दुपारी १२.३०

तारखांचा हिशोब मला ठाऊक नव्हता, तो मान्य. पण दोन प्रश्न उरतात. करोनाच्या लसीने घरातल्या घरात लागण किती कमी झाली, याचे मोजमाप कोणी केले आहे का? आणि थेंबांतला पोलिओचा विषाणू जिवंत असतो. तो कधी उलटत नाही का? हे मी वाद वाढवण्यासाठी विचारत नाही. बोरीकाठांना बैठकीत हेच विचारले जाणार.

तापीतीर | बुधवार, रात्री ९.००

दोन्ही प्रश्न विचारलेत हे चांगले झाले.

ब्रिटनमध्ये २०२१ च्या सुरुवातीला, अल्फाच्या काळात, लस घेतलेल्या बाधितांकडून घरातल्यांना लागण होण्याचे प्रमाण लस न घेतलेल्यांच्या तुलनेत ४० ते ५० टक्क्यांनी कमी आढळले, तेही बहुतेकांचा एकच डोस झालेला असताना. मग डेल्टा आला. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात, घरात डेल्टाचा रुग्ण असताना लस घेतलेल्या संपर्कांपैकी २५ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ३८ टक्के बाधित झाले; पण मूळ रुग्णाने लस घेतली होती की नाही याने जवळजवळ फरक पडला नाही. लस घेतलेल्याच्या नाकातला विषाणू कळसाला तितकाच चढत होता, फक्त लवकर उतरत होता. ओमिक्रॉनला लागण रोखण्याची ताकद आणखी घटली, जीव वाचवण्याची बरीच टिकली. तुमच्या घरातले पाचही जण आजारी पडले आणि पाचही जण घरीच बरे झाले, हे या चित्राशी जुळते. साखळी तुटेल असे जे ठामपणे सांगितले गेले ते अल्फाच्या आकड्यांवर उभे होते, आणि विषाणू बदलल्यावर तो ठामपणा तितक्याच जाहीरपणे मागे घ्यायला हवा होता. लोकांचा विश्वास त्या ठिकाणी गमावला, असे माझे मत आहे.

थेंबांविषयी : होय, उलटतो. जिथे पुष्कळ मुले लसीवाचून राहिली आहेत तिथे थेंबांतला दुबळा विषाणू एका बाळाकडून दुसऱ्याकडे महिनोन्‌महिने फिरत राहिला तर बदलत बदलत पुन्हा लकवा आणणारा होऊ शकतो. पोलिओच्या विषाणूच्या तीन प्रकारांपैकी टाइप दोनबाबत हे सर्वाधिक घडले, म्हणून तो घटक एप्रिल २०१६ मध्ये जगभरातल्या थेंबांतून काढून टाकला. सगळ्या मुलांना थेंब मिळाले असतील तर त्या विषाणूला फिरायला जागाच उरत नाही. भारतात मूळ पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला तो शेवटचा ठरला, हे याच थेंबांमुळे.

गुरांच्या बाबतीतलेही एक सत्य लपवू नये. कझाकस्तानात लम्पीसाठी वापरलेल्या एका लसीत उत्पादनातल्या दोषामुळे वेगवेगळ्या विषाणूंची भेसळ झाली होती. त्यांच्या मिश्रणातून नवे प्रकार निर्माण झाले आणि ते रशिया, चीन, व्हिएतनामपर्यंत पसरले. तात्यांची भीती निराधार नाही. फक्त तिचा रोख लसीकरणावर नसून लसीच्या गुणवत्तेवर असायला हवा. पथकाकडे बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख मागणे हा पशुपालकाचा अधिकार आहे.

नवापूरकर | बुधवार, रात्री ९.३५

गुणवत्तेबरोबर देखरेखही हवी. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला, पुढे २०२१ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा लाखो पक्षी मारून पुरावे लागले. खड्ड्यावर चुन्याची पोती रिकामी करणारा गडी रडत होता, तो दिवस मी विसरू शकत नाही. आपल्या देशात बर्ड फ्लूच्या जहाल प्रकारासाठी लस देत नाहीत, कारण लस दिलेल्या पक्ष्यांत विषाणू लक्षणांवाचून फिरत राहील आणि कळणार नाही अशी भीती असते. चीनने मात्र सप्टेंबर २०१७ पासून कोंबड्यांना बर्ड फ्लूच्या एच-सात प्रकाराची लस सरसकट दिली, आणि माणसांतले एच-सात-एन-नऊचे रुग्ण आदल्या हिवाळ्याच्या मानाने अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. पक्ष्यांना दिलेल्या लसीने माणसे वाचली. माझे मत आता असे झाले आहे की नियमित तपासणीची खात्री असेल तर लस द्यावी. ती खात्री नसेल तर सरकारची भीती खरी आहे.

केळीबाग | बुधवार, रात्री १०.१०

केळीवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला की आम्हाला लस नसते. मावा किडा विषाणू पसरवतो, आणि पोंगा पिवळा पडलेले झाड मुळासकट उपटून गाडणे एवढाच उपाय हातात राहतो. माझ्या भावाने एका हंगामात तीन हजार खोडे उपटली. गुरांसाठी टोचायला काही आहे, हे मला फार मोठे वाटते.

बोरीकाठ | गुरुवार, सकाळी ८.१५

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर बसून हे सगळे वाचून दाखवले. बीटी आणि रेफ्युजीचा भाग त्यांनी दोन वेळा वाचायला लावला. पांझरा काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर : २०२२ मध्ये त्यांच्या गाईला लस टोचल्यानंतर सहाव्या दिवशी गाठी आल्या. त्याआधी शेजारच्या गोठ्यात दोन जनावरे आजारी होती.

पांझरा | गुरुवार, सकाळी ९.००

मला हीच शंका होती. लम्पीची लस अंगात मुरायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि विषाणू शरीरात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस जातात. सहाव्या दिवशी गाठी आल्या म्हणजे टोचले त्या दिवशी विषाणू बहुतेक आधीच अंगात होता. तात्यांची गाय बहुधा लसीमुळे आजारी पडली नाही, आणि लस निकामी होती असेही त्यावरून म्हणता येत नाही. तिला लस उशिरा मिळाली.

पथकाला तीन गोष्टी नम्रपणे पण ठामपणे सांगा. ताप असलेले जनावर टोचू नये. विरघळवलेली लस बर्फात ठेवून लगेच वापरावी, दुपारपर्यंत उन्हात फिरवू नये. आणि प्रत्येक जनावराला नवी सुई, कारण एकच सुई दहा गोठ्यांत फिरली तर माशीचे काम आपणच करू. टोचल्यावरही तीन आठवडे गोठ्यात धूर, गोचिडांचा बंदोबस्त आणि बाजारातले नवे जनावर बाहेर बांधणे चालू ठेवा.

गिरणाकाठ | गुरुवार, सकाळी ९.२०

सुईचा मुद्दा तात्यांच्या तोंडूनच बैठकीत येऊ द्या. त्यांनी सांगितलेले गाव ऐकेल.

बोरीकाठ | पुढचा गुरुवार, रात्री ८.५०

पथक सकाळी साडेसातला आले. तात्यांनी पहिल्यांदा बाटली हातात घेऊन तारीख वाचली, चष्मा नसल्याने नातवाकडून पुन्हा वाचून घेतली, मग सुयांचे पाकीट मोजले. ६४ जनावरे होती आणि सुया ५०. तात्यांनी टोचणी थांबवली. मी मोटारसायकलवर पारोळ्याला जाऊन आणखी सुया आणल्या, तोवर पथकातले डॉक्टर बर्फाचा डबा लिंबाखाली घेऊन बसले आणि कोणीही कुरकुर केली नाही. दुपारी बारापर्यंत ६१ जनावरे टोचून झाली. दोन गाईंना ताप होता, म्हणून त्या वगळल्या. त्यांच्यासाठी डॉक्टर पुन्हा येणार आहेत. एका सभासदाने अजून नकार कायम ठेवला आहे. त्याची एकच म्हैस आहे, आणि तात्या उद्या सकाळी त्याच्याकडे जाणार आहेत.